विकतचा टेम्प्लेट, एकसष्ट स्टाइल्स आणि एका 'मजकूर'ची दोन स्पेलिंग्ज

तर झालं असं की यंदा दिवाळी अंकाला नवीन रूप द्यायचं ठरलं आणि संपादक सर म्हणाले, "ताई, दरवेळी तेच तेच नको, जरा फ्रेश काहीतरी बघा." मग मी एका वेबसाइटवरून इनडिझाइनसाठीचा, म्हणजे आम्ही पानं लावायला जे सॉफ्टवेअर वापरतो त्यासाठीचा, मासिकाचा तयार टेम्प्लेट विकत घेतला. वेबसाइटचं नाव घेत नाही, कारण असे टेम्प्लेट विकणारे शेकड्याने आहेत आणि बहुतेकांची तऱ्हा सारखीच. प्रीव्ह्यूमधली पानं बघून जीव भरला होता, काय ती पांढरी जागा, काय तो ग्रिड. पैसे भरले, झिप उघडली, फाइल उघडली आणि सवयीने पहिल्यांदा पॅराग्राफ स्टाइल्सचं पॅनेल उघडलं. दिसण्याचे पाच स्टार तिथल्या तिथे दोनावर आले.

एकसष्ट स्टाइल्स! मोजल्या मी. 'पॅराग्राफ स्टाइल १', 'पॅराग्राफ स्टाइल ४', 'बॉडी', परत एक 'बॉडी' (पहिल्याचा बी कॅपिटल, दुसऱ्याचा स्मॉल, आणि इनडिझाइनला या दोन वेगळ्या स्टाइल्स वाटतात), 'बॉडी कॉपी', 'बॉडी कॉपी कॉपी', 'रेड बिग', 'टायटल न्यू', 'टायटल न्यू यूज धिस'. म्हणजे ज्याने बनवलाय त्याला स्वतःलाच कधीतरी प्रश्न पडलेला की यातली कुठली वापरायची, आणि त्याने उत्तर नावातच लिहून ठेवलं. आणि गंमत म्हणजे ती 'रेड बिग' निळी होती. आधी लाल असणार, मग कोणीतरी कलर स्कीम बदलली, नाव तसंच राहिलं.

ज्यांना हे सगळं नवीन आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. पॅराग्राफ स्टाइल म्हणजे फाँट, साइज, लीडिंग (दोन ओळींमधलं अंतर), इंडेंट, वरखालची जागा, रंग वगैरे सगळ्याचं एक गाठोडं, त्याला एक नाव द्यायचं आणि परिच्छेदाला ते नाव लावायचं. उद्या साइज बदलायचा तर स्टाइलमध्ये एकदा बदला, दीडशे पानं आपोआप बदलतात. पण सॉफ्टवेअरसाठी ते नाव म्हणजे नुसतं लेबल नाही. वर्डमधून मजकूर आणताना, दुसऱ्या फाइलमधून पेस्ट करताना, अनुक्रमणिका काढताना, सगळीकडे ते नावावरून ओळख पटवतं. नाव गंडलं की पुढचं सगळं गंडतं, आणि ते नेमकं अंक प्रेसला जायच्या आदल्या रात्री कळतं.

आता या टेम्प्लेटचा खरा त्रास. तो इंग्रजीसाठी बनवलेला, त्यामुळे प्रत्येक स्टाइलमध्ये कंपोजर, म्हणजे अक्षरं आणि ओळी जुळवणारा भाग, साधा अडोबी पॅराग्राफ कंपोजर. देवनागरीला वर्ल्ड रेडी कंपोजर लागतो, तो नसेल तर 'दिवाळी' टाइप केलं की पहिली वेलांटी द च्या आधी न येता नंतर येते आणि तिची शेपटी पुढच्या वा वर लोंबत राहते, 'प्रश्न'चे पाय मोडतात, जोडाक्षरांची जागोजागी फाळणी होते. आणि कंपोजर ही काय पानाची किंवा फाइलची सेटिंग नाही, ती पॅराग्राफ स्टाइलच्या पोटात, जस्टिफिकेशनच्या टॅबमध्ये बसलेली असते. आता जर सगळ्या स्टाइल्स एकाच मूळ स्टाइलवर आधारलेल्या असत्या, म्हणजे 'बेस्ड ऑन'मध्ये एकच आईस्टाइल असती, तर मी तिथे एकदा कंपोजर बदलला असता आणि सगळ्या लेकरांपर्यंत तो पोचला असता. पण इथे एकसष्टच्या एकसष्ट अनाथ, बेस्ड ऑनमध्ये 'नो पॅराग्राफ स्टाइल'. एकेक उघडा, टॅब शोधा, बदला, ओके. दोन तास गेले आणि मध्ये चहा दोनदा गार झाला.

टेम्प्लेट विकणाऱ्याला मेल केला तर उत्तर आलं की ट्राय क्लिअरिंग ओव्हरराइड्स. नावाशेजारी अधिकचं चिन्ह दिसतं ना, ते ओव्हरराइडचं, म्हणजे स्टाइल लावल्यावर कोणीतरी हाताने काहीतरी बदललंय. आल्ट दाबून नावावर क्लिक केलं की ते जातं. पण माझा प्रॉब्लेम तो नव्हताच. असो.

मी या लाइनमध्ये पेजमेकरच्या, म्हणजे इनडिझाइनच्या आधीच्या सॉफ्टवेअरच्या, काळात आले. तेव्हा प्रेसमध्ये एक काका होते, त्यांच्याकडे मी पानं लावायला शिकले. पेजमेकरमध्ये स्टाइल्स तयार मिळायच्या, बॉडी टेक्स्ट, हेडलाइन, सबहेड वन, सबहेड टू, कॅप्शन, हँगिंग इंडेंट. काका त्यांना हातच लावायचे नाहीत, ते स्वतःची नावं द्यायचे: 'मोठा ठळक', 'बारका तिरका', 'सरपंच'. सरपंच म्हणजे काय तर एका गावाच्या स्मरणिकेत सरपंचांच्या मनोगतासाठी बनवलेली स्टाइल, मग ती पुढे पाच वर्षं सगळ्या स्मरणिकांत अध्यक्षांच्या मनोगताला लागायची. हसू येतं, पण 'सरपंच' हे नाव 'रेड बिग'पेक्षा शंभर पटीने बरं होतं, कारण ते मजकुराचं काम सांगत होतं. रंग बदलला, फाँट श्रीलिपीचा जाऊन युनिकोडचा आला, तरी सरपंच तो सरपंचच. माझं सगळं म्हणणं यातच आलं खरं तर, नाव कामावरून ठेवा, रूपावरून नको. पण करायला बसलं की बाकीचे फाटे फुटतात, ते सांगते.

पहिला फाटा, नावं देवनागरीत की रोमनमध्ये. इनडिझाइन दोन्ही घेतं. मी आधी हौसेने देवनागरीत ठेवली, पॅनेल बघायला फार गोड दिसायचं. पण क्विक अप्लाय नावाची एक चीज आहे, कंट्रोल एंटर दाबायचं, छोटी खिडकी येते, त्यात नावाची दोनतीन अक्षरं टाइप करायची, एंटर मारलं की स्टाइल लागली, माउसला हात नाही. सुरुवातीला पी आणि कोलन टाकलं तर फक्त पॅराग्राफ स्टाइल्सच दिसतात. इथे देवनागरी टाइप करायचं म्हणजे दरवेळी कीबोर्ड बदला, परत बदला, आणि पानं लावताना दिवसातून हजार वेळा ते कोण करणार. शेवटी शब्द मराठी आणि अक्षरं रोमन असा समझोता केला. शीर्षक, लेखक, इंट्रो, मजकूर, फोटोओळ, चौकट, कविता, क्रमशः, सगळं रोमनमध्ये. आणि इथेच पुढच्या घोळाचं बी पडलं, ते माझ्या लक्षात आलं नाही.

घोळ असा. अंक १६० पानांचा, काम करणारे आम्ही तिघं. मी कथांचा विभाग घेतला, एकाने लेखांचा, तिसऱ्याने कविता, परिसंवाद आणि उरलंसुरलं. तीन वेगळ्या फाइल्स आणि वरती बुक फाइल, म्हणजे पाननंबर सलग पडतात. मी टेम्प्लेट साफ करून एकसष्टच्या एकोणीस स्टाइल्स केल्या होत्या आणि इनडीटी फाइल, म्हणजे टेम्प्लेट म्हणून सेव्ह केलेली फाइल, दोघांना दिली होती. इनडीटी उघडली की तिची बिननावाची नवी प्रत उघडते, मूळ टेम्प्लेट सेफ राहतो, हे चांगलंय. पण लेखांवाल्या पोराने काय केलं, त्याने माझी फाइल यायच्या आधीच काम सुरू केलेलं, त्याला नावं फोनवर सांगितली होती. मी बोलले शीर्षक, त्याने ऐकलं शीर्षक, मी डबल ई घालून लिहिते, त्याने नुसता आय घातला. मी मजकूरला यू लावते, त्याने डबल ओ. ऱ्हस्वदीर्घाचा वाद शाळेत संपला असं वाटलं होतं, तो स्पेलिंग बदलून पॅनेलमध्ये आला.

मग मी बुक पॅनेलमधून सिंक्रोनाइझ केलं. त्यात काय होतं की एक फाइल स्टाइल सोर्स ठरवायची, तिच्यातल्या स्टाइल्स बाकीच्या फाइल्समध्ये जातात, नाव जुळलं तर तिथली व्याख्या बदलते, नसेल तर नवी स्टाइल येऊन बसते. पण जी जास्तीची आहे ती ते काढत नाही, आणि का काढावी, सॉफ्टवेअरला काय माहीत हा डबल ओ म्हणजे तोच मजकूर आहे. त्यामुळे त्याच्या फाइलमध्ये माझा मजकूर आला आणि रिकामा बसला, त्याचा मजकूर सगळ्या लेखांना लागलेला तसाच राहिला. माझा साडेदहा पॉइंट, त्याचा अकरा. डोळ्याला पटकन कळत नाही हो, अर्ध्या पॉइंटचा फरक, मुद्रितशोधन करणाऱ्या बाईंनाही कळला नाही.

कळलं कधी, तर अनुक्रमणिका काढताना. टेबल ऑफ कंटेंट्सच्या डायलॉगमध्ये आपण सांगतो की शीर्षक या स्टाइलचे परिच्छेद उचल, खाली लेखकाचं नाव उचल, पाननंबर लाव. त्याने इमानदारीत डबल ई वाली शीर्षकं उचलली. कथा सगळ्या आल्या, कविता आल्या, पोराने स्वतः लावलेला लेख एकही नाही! बरं, एकही आला नसता तर लगेच दिसलं असतं, पण दोन लेख मी माझ्या फाइलमधून कॉपी करून त्याला दिलेले, ते तेवढे आले. त्यामुळे 'लेख' या विभागाखाली दोन ओळी दिसत होत्या, आणि रात्री एक वाजता मला ते बरोबरच वाटलं. सकाळी सरांनी पीडीएफ बघून फोन केला, "ताई, यंदा लेख दोनच घेतलेत का आपण?" राहून गेलेल्यांतल्या एका लेखकाची अर्धी कारकीर्द दिवाळी अंकांत गेलीय आणि त्यांचं नाव अनुक्रमणिकेत नाही, तसं छापून गेलं असतं तर मी कुठल्या तोंडाने अंक द्यायला गेले असते.

यात सॉफ्टवेअरची चूक शून्य, आधीच सांगते. चूक आमची, आणि दुरुस्ती उलट सॉफ्टवेअरमुळेच पाच मिनिटांत झाली. नको असलेली स्टाइल निवडून डिलीट केली की ते विचारतं, हिच्या जागी कुठली लावू? तिथे बरोबर स्टाइल निवडायची, सगळे परिच्छेद तिकडे जातात. डबल ओ वाला मजकूर डिलीट, त्या जागी यू वाला. शीर्षकाचंही तेच. नंतर पॅनेलच्या मेनूतून सिलेक्ट ऑल अनयूज्ड, न वापरलेल्या सगळ्या एका झटक्यात निवडल्या जातात, त्या बघून उडवायच्या. बघून म्हणतेय मी, डोळे मिटून नाही, कारण 'क्रमशः' या अंकात कुठे लागली नाही म्हणून उडवली तर पुढच्या वर्षी परत बनवत बसाल. चौकोनी कंसातली, इनडिझाइनची स्वतःची बेसिक पॅराग्राफ मात्र उडत नाही की तिचं नाव बदलत नाही, ती घरच्या देव्हाऱ्यासारखी, तिथेच राहणार. मी तिच्यात फक्त कंपोजर वर्ल्ड रेडी करून ठेवते आणि मजकुराला ती कधीच लावत नाही. आणि माझ्या स्टाइल्स तिच्यावर बेस्ड पण ठेवत नाही, कारण ही स्टाइल प्रत्येक फाइलमध्ये असते पण प्रत्येकीत वेगळी असते, पेस्ट केलं की समोरच्या फाइलमधली व्याख्या लागते आणि तिच्यावर टेकलेलं सगळं हलतं. माझी आईस्टाइल वेगळी, नाव 'मूळ'.

हा नियम बऱ्याच लोकांना उलटा वाटतो म्हणून परत सांगते. एका फाइलमधून दुसरीत पेस्ट करताना स्टाइलचं नाव सारखं असेल तर जिथे पेस्ट करताय तिथली व्याख्या जिंकते. पाहुणा आला की घरच्या रीतीने जेवणार. पण पॅनेल मेनूतून लोड पॅराग्राफ स्टाइल्स केलं तर मात्र ते विचारतं, येणाऱ्याची व्याख्या घेऊ की नाव बदलून दोन्ही ठेवू. घाईत तिथे ऑटो रीनेम झालं की 'कॉपी' शेपूट लागलेली स्टाइल जन्माला येते, आणि त्या विकतच्या टेम्प्लेटमधली 'बॉडी कॉपी कॉपी' नक्की अशीच जन्मलेली असणार, दोनदा.

दुसरा फाटा, फोल्डर. इनडिझाइनमध्ये स्टाइल ग्रुप सीएस थ्रीपासून आहेत, म्हणजे २००७ पासून, आणि एकोणीस स्टाइल्स असल्या तरी कथा, लेख, कविता, सगळीकडे लागणाऱ्या असे चार फोल्डर केले की पॅनेल कसं आवरलेलं दिसतं. पण यात एक पाचर आहे. दोन फोल्डरमध्ये एकाच नावाच्या स्टाइल्स चालतात, कथा फोल्डरमध्ये मजकूर, लेख फोल्डरमध्येही मजकूर, सॉफ्टवेअर काही बोलत नाही. आणि फोल्डरच्या आतली मजकूर आणि बाहेरची मजकूर या दोन वेगळ्या धरल्या जातात. म्हणजे मी नीटनेटकेपणाने माझ्या फाइलमध्ये फोल्डर केले आणि दुसऱ्याच्या फाइलमध्ये फोल्डर नाहीत, तर नाव सारखं असून ओळख पटत नाही. बुक सिंक्रोनाइझच्या ऑप्शन्समध्ये स्मार्ट मॅच स्टाइल ग्रुप्स म्हणून एक चौकट आहे, ती टिक असली तर फोल्डर वेगळे असले तरी नावावरून जुळवतं, पण एकाच नावाच्या दोन असतील तर त्याने तरी काय करावं. म्हणून मी आता फोल्डर असला तरी नावात विभाग घालतेच, कथा डॅश मजकूर, लेख डॅश मजकूर. टाइप करायला थोडं लांब, पण क्विक अप्लायमध्ये के एम टाकलं तरी सापडतं, त्यामुळे काही अडत नाही.

वर्डचं प्रकरण मला वाटलं होतं त्यापेक्षा सोपं निघालं. लेखक वर्ड फाइल पाठवतात, त्यात सगळं 'नॉर्मल', शीर्षक ठळक करून मध्यभागी आणलेलं, तेही स्पेसबार मारून मारून. अशी फाइल सरळ प्लेस केली की वर्डच्या स्टाइल्स पॅनेलमध्ये घुसतात, नावापुढे छोट्या फ्लॉपीचं चित्र दिसतं (आजच्या पोरांना फ्लॉपी काय ते माहीत नाही, त्यांना वाटतं सेव्हचं बटन). प्लेस करताना शो इम्पोर्ट ऑप्शन्स टिक करायचं, खाली स्टाइल मॅपिंग, तिथे सांगायचं वर्डचं नॉर्मल म्हणजे माझं लेख मजकूर, हेडिंग वन म्हणजे शीर्षक, आणि हे सगळं प्रीसेट म्हणून सेव्ह करता येतं. ज्या दोनतीन जणांचे लेख दरवर्षी असतात त्यांना मी माझ्याच नावांच्या स्टाइल्स असलेली वर्ड फाइल देऊन ठेवलीय, नाव जुळलं की इनडिझाइनचीच व्याख्या लागते, मॅपिंगसुद्धा करावं लागत नाही. एक आजोबा आहेत, वय सत्तरच्या पुढे, ते इतकं शिस्तीत लावून पाठवतात की त्यांचा लेख चार मिनिटांत पानावर बसतो.

आणि नेक्स्ट स्टाइल! हे फीचर लोक का वापरत नाहीत मला कळत नाही. प्रत्येक स्टाइलला सांगून ठेवायचं की तुझ्यानंतर कोण, शीर्षकानंतर लेखक, लेखकानंतर इंट्रो, इंट्रोनंतर पहिला परिच्छेद, त्यानंतर मजकूर, आणि मजकुरानंतर मजकूरच. मग अख्खी कथा सिलेक्ट करून पॅनेलमध्ये शीर्षकावर राइट क्लिक, अप्लाय देन नेक्स्ट स्टाइल, आणि पूर्ण कथा ओळीने कपडे घालून उभी. विकतच्या टेम्प्लेटमध्ये हे अर्थातच केलेलं नव्हतं.

काही जण विचारतील स्क्रायबस का नाही, तेही पानं लावायचंच सॉफ्टवेअर आणि फुकट आहे. वापरलंय मी, एका शाळेच्या हस्तलिखितासारख्या छोट्या अंकाला. १.६ ही आवृत्ती २०२४ च्या जानेवारीत आली आणि त्यात देवनागरी जुळून येते, आधीच्या १.४ मध्ये ती बोंब होती. स्टाइल मॅनेजरमध्ये बेस्ड ऑनसारखी आईलेकरं आहेत, दुसऱ्या फाइलमधून स्टाइल्स आणता येतात. फोल्डर मात्र नाहीत, म्हणजे नावातच विभाग घालायची शिस्त तिथे सक्तीची. मला आवडलेली गोष्ट अशी की लिबरऑफिसची (फुकटातल्या वर्डसारख्या सॉफ्टवेअरची) ओडीटी फाइल आणताना ते विचारतं, येणाऱ्या स्टाइल्सच्या नावाआधी फाइलचं नाव लावू का. म्हणजे कुठली स्टाइल कुठल्या लेखकाच्या फाइलमधून आली ते नावावरूनच कळतं. एकसारख्या स्टाइल्स एकत्र करायचाही पर्याय आहे, नावं वेगळी असली तरी गुण बघून जुळवतं. हे मला इनडिझाइनमध्ये हवं होतं, त्या डबल ओ च्या रात्री तर फारच. तरी १६० पानी अंकाला, तिघांच्या कामाला, बुक फाइल आणि अनुक्रमणिकेसाठी मी इनडिझाइनच धरणार, दर महिन्याचं भाडं टोचतं तरीही.

एक गोष्ट मात्र इनडिझाइनकडून अपेक्षा ठेवू नका, टेम्प्लेट बदलला म्हणून त्यापासून बनलेल्या जुन्या फाइल्स बदलत नाहीत. प्रत निघाली की नातं तुटलं. त्यामुळे मध्येच टेम्प्लेटमध्ये एखाद्या स्टाइलचं नाव सुधारायचा मोह झाला तर हात आवरा, कारण एकाच फाइलपुरतं नाव बदललं तर काही बिघडत नाही, परिच्छेद त्या स्टाइललाच चिकटून राहतात, पण बाकीच्या फाइल्ससाठी ती अनोळखी बाई होते. मी नावं फक्त अंक छापून आल्यावर, नोव्हेंबरात बदलते, आणि एका वहीत लिहून ठेवते. हो, कागदाच्या वहीत, स्पेलिंगसकट. फोनवर नावं सांगणं बंद.

तर स्टार. विकतच्या टेम्प्लेटला दोन, एक ग्रिडसाठी आणि एक रंगांसाठी. घेणार असाल तर विकणाऱ्याला आधी पॅराग्राफ स्टाइल्सच्या पॅनेलचा स्क्रीनशॉट मागा, पानांचे प्रीव्ह्यू सगळेच सुंदर देतात. स्क्रीनशॉट द्यायला टाळाटाळ केली तर समजून जा. इनडिझाइनच्या स्टाइल्सला साडेचार, अर्धा कापला कारण दोन जवळजवळ सारख्या नावांची एक साधी सूचनासुद्धा ते देत नाही.

आणि हो, वही वगैरे सगळं सांगून झालं तरी आज सकाळी पुढच्या अंकाची फाइल उघडली तर पॅनेलमध्ये सगळ्यात खाली 'टेस्ट २ डिलीट करू नये' अशी एक स्टाइल दिसली. पोरगा म्हणतो मी नाही केली, दुसरा तर सुट्टीवर आहे, आणि हिस्टरी काही ठेवलेली नसते. बारा पॉइंट, ठळक, मध्यभागी, कुठेच लागलेली नाही. अजून उडवली नाहीये मी.